मावशीच्या घराची वारस नोंद

राग निवला की लिहीन, असं मी पुष्कळ दिवस म्हणत होते. तो काही निवत नाही, म्हणून आहे तसाच लिहिते. गावाचं नाव सांगत नाही. बीड जिल्ह्यातलं बाजाराचं गाव आहे, पाटोद्यापासून फार लांब नाही, एवढं पुरे.

मी एसटीत कंडक्टर आहे. नवरा जळालेल्या पाणमोटारींची वायंडिंग नव्यानं भरून देतो. बसस्थानकाजवळ त्याचं छोटं दुकान आहे. लग्न झाल्यापासून आम्ही भाड्यानंच राहिलो. एका मालकानं मुलाचं लग्न ठरलं म्हणून खोल्या मागितल्या. दुसऱ्याच्या बायकोला आमच्या मुलींनी जिन्यात अभ्यासाला बसलेलं खपायचं नाही. थोरली दहावीला गेली तेव्हा मी ठरवलं, आता घर घ्यायचं. लहान असू दे, पण जिन्यात बसायला कुणाला विचारावं लागू नये.

मावशी आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. नात्यानं आमची कुणी नव्हती, सगळी गल्लीच तिला मावशी म्हणायची. माहेर-सासर दोन्ही मेंढपाळांचं. तिचा नवरा त्या घराण्यातला पहिला नोकरदार. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात जखमा बांधणारा ड्रेसर म्हणून त्यानं सगळी नोकरी काढली, निवृत्तीच्या आधी गावात जागा घेऊन तीन खोल्या बांधल्या आणि काही वर्षांनी बीडच्या दवाखान्यात वारला. तेव्हापासून मावशी एकटी. मुलगा पुण्यात कंपनीची गाडी चालवायचा. मुलगी तलवाड्याला दिलेली, तीही मेंढपाळांतच.

एकदा मावशी नेकनूरला जायला माझ्या गाडीत बसली. अर्धी गाडी मोकळी झाल्यावर मी तिच्या शेजारी टेकले. ती खिडकीतून बाहेर बघतच म्हणाली,

"तुला घर घ्यायचं हाय म्हनं."

"घ्यायचं हाय. मिळायला पायजे."

"माजं घे."

मला वाटलं, सहज बोलतेय. पण तिनं सगळा विचार करून ठेवला होता.

"मंग तू कुठं राहशील?" मी विचारलं.

"तलवाड्याला, लेकीजवळ. जलमभर मेंढरामागं हिंडली ती. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर. तिचं एक लेकरू तर रस्त्यातच जलमलं. हे घर इकते, तिला तिथं दोन खोल्या बांधून देते. म्हनते, आता बस बाई घरात. आन मीबी बसते तिच्याजवळ."

"आन लेक काय म्हनतो?"

"त्यो काय म्हननार? त्याला हितं काय करायचं? त्याला त्याचा वाटा देऊ. कबूल हाय समद्यांला."

खरोखरच सगळ्यांना कबूल होतं. मुलगा पुण्याहून आला, मुलगी तलवाड्याहून आली, आमच्या खोलीत चहा झाला आणि भाव ठरला. इसार दिला. भावाबहिणीत एक शब्द वाकडा गेला नाही. मी नवऱ्याला म्हणाले, भांडण नाही, तंटा नाही, आपलं काम सरळ होणार. आज ते वाक्य आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

वकिलांनी समजावून सांगितलं. घर अजून मयताच्या नावावर आहे, आणि मेलेला माणूस घर विकू शकत नाही. म्हणून आधी गावच्या कार्यालयात बायको, मुलगा आणि मुलगी यांची वारस म्हणून नोंद लावायची. नोंद लागली की तिघांनी मिळून आम्हाला खरेदीखत करून द्यायचं. "महिना-दोन महिने धरा," ते म्हणाले.

सुट्टी टाकून मी मावशीला घेऊन कार्यालयात गेले. ज्या बाबूकडे हे काम होतं, तो वाईट बोलणारा माणूस नव्हता. हेच मला जास्त झोंबतं. कधी आवाज चढवला नाही, कधी काही मागितलं नाही. "होईल ताई," असं तो इतक्या मऊपणे म्हणायचा की बाहेर येऊन पायरीवर उभं राहिल्यावर कळायचं, काहीच झालेलं नाही.

त्यानं दोन कागद शेजारी ठेवले. घराच्या उताऱ्यावर मावशीच्या नवऱ्याच्या नावामागं 'जी' होतं. मृत्यूच्या दाखल्यावर त्याच नावामागं 'राव' होतं.

"हे दोन वेगळे इसम दिसतात," तो म्हणाला.

मावशी म्हणाली, "दोन कसे असतील, बाबा? मी तर एकच नवरा केला."

मागं उभे असलेले लोक हसले. बाबू हसला नाही. त्यानं सांगितलं, दोन्ही नावांचा इसम एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून आणा. ते केलं. मग मुलीचं नाव निघालं. रेशनकार्डावर माहेरचं, आधारवर सासरचं. तिचंही प्रतिज्ञापत्र केलं. खरं तर दोन्ही चुका त्याला पहिल्याच दिवशी दिसत होत्या. सगळे कागद त्याच्या हातात होते. पण त्यानं एक चूक सांगितली, ती दुरुस्त होऊन आल्यावर दुसरी सांगितली. "आधी कावून न्हाई सांगितलं?" असं मावशीनं विचारलं, तर म्हणाला, "आधी पहिली पूर्तता व्हावी लागते."

मग तो कुठल्यातरी सर्वेक्षणाच्या कामावर गेला. फाइल त्याच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्याच्या खिशात, आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस सांगणार, ते आले की या. ते आले तेव्हा मुलगी कळपाबरोबर निघून गेलेली होती.

तिच्या सहीचा घोळ तिथं सुरू झाला. मेंढपाळाचं बिऱ्हाड एका जागी राहत नाही. आज या शिवारात, परवा त्या. ज्याच्या रानात मेंढरं बसतात तिथंच मुक्काम. फोन असतो, पण चार्जिंग गावात जाऊन करून आणावं लागतं. कार्यालय तारीख देणार आदल्या दिवशी, फोनवर, आणि "सर्व वारस हजर पाहिजेत." मी बाबूला म्हणाले, "आठ दिवस आधी सांगितलं तर तिला येता येईल." तो म्हणाला, "साहेबांच्या वेळेवर असतं ताई." साहेबांची वेळ आम्ही समजून घ्यायची. मेंढरामागच्या बाईला वेळ असते हे त्याच्या डोक्यातच येत नव्हतं.

कशीबशी तिची सही झाली. नोटीस लागली, की अमुक मयताचे हे वारस, कुणाची हरकत असेल तर कळवा. मुदत संपत आली आणि हरकत आली. मावशीच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, नेकनूरच्या बाजूला शेती करणारा. साध्या कागदावर एक ओळ, 'सदर नोंदीस माझी हरकत आहे,' आणि खाली सही. हरकत कशाबद्दल, त्याचा या घराशी संबंध काय, काही नाही.

"याला काय अर्थ आहे?" मी विचारलं. "जागा माणसानं स्वतःच्या पगारातून घेतली. चुलतभावाचा काय संबंध?"

"ते सुनावणीत ठरेल," बाबू म्हणाला.

सुनावणीची तारीख पडली. मुलगा पुण्याहून रजा टाकून आला. मुलगी दोन गाड्या बदलून आली. मी ड्युटी बदलून घेतली. हरकत घेणारा आला नाही, म्हणून सुनावणी पुढं. पुढच्या तारखेला आम्ही सगळे आलो, तो आला नाही, पुढं. त्याच्या पुढच्या तारखेला साहेबच निवडणुकीच्या कामावर. आम्हाला दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवलं आणि मग सांगितलं. मुलीनं ते ऐकलं, पदर खोचला आणि सरळ बसस्थानकाकडं चालायला लागली. मी मागं धावले, म्हणाले, घरी चल, जेवून तरी जा. ती म्हणाली, "न्हाई. तिकडं दीर एकला हाय. मागल्या खेपेला मी हितं बसले आन तिकडं लांडग्यानं तीन मेंढरं फाडली. आज काय झालं असंल कुणाला म्हाईत."

मेंढरांचं तिनं आईला सांगितलं नव्हतं. आईला वाईट वाटेल म्हणून. आम्ही तिथं बाकावर बसून जे गमावत होतो, त्याचा हिशेब त्या कार्यालयात कुठल्याच कागदावर लिहिला जात नव्हता. कागदावर फक्त 'अर्जदार हजर, हरकतदार गैरहजर, पुढील तारीख.'

मुलगा नंतर यायचा थांबला. त्याला मी दोष देत नाही. तो फोनवर म्हणाला, "आत्या, मी येतो तवा साहेब नसतो. माझ्या मालकानं दुसरा ड्रायव्हर बघितला तर मी काय करू?" त्यानं मला आत्या म्हणावं असं आमचं काही नातं नव्हतं, पण एवढ्या फेऱ्यांत ते जमून गेलं होतं.

शेवटी मीच एका सुट्टीच्या दिवशी नवऱ्याला घेऊन त्या चुलतभावाकडं गेले. नवरा वाटेत म्हणाला, "हे आपलं काम न्हाई. इसार परत घेऊ, दुसरं घर बघू." गाडीवर त्याच्या मागं बसून मी मनात भांडणाची तयारी करत होते.

चुलतभाऊ गोठ्यात होता. वयस्कर माणूस, डोक्याला टॉवेल. आम्ही कोण, कुठून आलो, सांगितलं.

"हरकत?" तो म्हणाला. "आरं हां. घेतली होती बघा. आजून चालूच हाय का ते?"

नवऱ्यानं विचारलं, "पण कावून घेतली होती, काका?"

"राग होता. माजा बाप वारला तवा म्हातारीचा नवरा मातीला आला न्हाई. नोकरी, साहेब, कायबी सांगितलं. मंग नोटीस लागल्याचं कुणीतरी बोललं, तर म्हनलं घ्यावी हरकत. तेवढ्यापुरतं." त्यानं बादली उचलून बाजूला ठेवली. "मला वाटलं, त्यांनी फाडून टाकली असंल."

"तारखांचे कागद आले असतील ना तुमच्याकडं?" मी विचारलं.

"आले. पर माजं काय काम न्हाई म्हनून मी गेलो न्हाई."

भांडायचं म्हणून गेले होते, पण त्याच्याशी काय भांडणार? मेलेल्या भावावरचा राग त्यानं एका ओळीत लिहून टाकला आणि विसरून गेला. ती ओळ पाळली, पोसली, तारखा देऊन वाढवली ती कार्यालयानं. चहा पिऊन आम्ही उठलो तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "म्हातारीला तरास होतोय व्हय? मंग मी काढून घेतो. उद्याच येतो."

आणि तो आला. शब्दाला जागला. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात येऊन बाबूला म्हणाला, माझी हरकत मी मागं घेतो, लिहून देतो. बाबूनं त्याला बसायला खुर्ची दिली आणि सांगितलं,

"आज सुनावणीची तारीख नाही. हरकत सुनावणीतच मागं घ्यावी लागेल."

"मंग सुनावनी कवा?"

"तारीख कळवू."

चुलतभाऊ बाहेर येऊन मला म्हणाला, "बाई, घ्यायला एक कागद पुरला. काढायला यांला दरबार लागतोय." तोही चिडला होता. हरकत घेणाऱ्याला आणि ज्याच्यावर हरकत घेतली त्याला, दोघांनाही सारखंच चिडवण्याची किमया त्या कार्यालयाला साधली होती.

या सगळ्या काळात मावशीच्या पायाला जखम झाली होती. तिला साखरेचा आजार होता, कितीतरी वर्षांचा. अंगठ्याजवळ फोड आला, फुटला, चिघळला. मी बीडला दवाखान्यात चल म्हणाले. मुलगा फोनवर रोज म्हणायचा, आई, पुण्याला ये, मोठ्या डॉक्टरला दाखवू. ती एकच सांगायची, "आता तारीख पडंल. मी न्हाई दिसले तर पुन्ना पुढं ढकलतील. एकदा सही होऊ द्या, मंग तुमी म्हनाल तिथं येते."

ती पायाला फडकं बांधून कार्यालयात जायची. तारीख नसतानाही जायची, न जाणो. बाबू तिला बघून म्हणायचा, "मावशी, तुम्ही कशाला त्रास घेता? आम्ही फोन करू." आणि फोन करायचा नाही. एकदा मी तिला बळंच गाडीत बसवून बीडला नेलं. डॉक्टर म्हणाले, भरती व्हा, आजच. तिनं डॉक्टरला विचारलं, "किती दिवस?" त्यांनी सांगितलं, सांगता येणार नाही. ती उठलीच. औषधं घेतली आणि उठली. म्हणाली, त्यात माजी तारीख गेली तर? ड्रेसरची बायको होती ती. जखम काय असते हे तिला कळत होतं. तिला थांबायला वेळ नव्हता, असं म्हणणंही खोटं आहे. तिला वेळच वेळ होता. तो कार्यालयानं स्वतःकडं अडकवून ठेवला होता.

चैत्र सरत आला होता. मी सकाळच्या गाडीवर होते, नेकनूरच्या थांब्यावर माणसं चढत होती, तेव्हा गल्लीतल्या एका बाईचा फोन आला. मावशी उठत नाही, अंग तापलंय, बडबडतेय. गाडी सोडून मला उतरता येत नव्हतं. नवऱ्याला फोन केला. त्यानं दुकान उघडं टाकून रिक्षा केली आणि तिला बीडला नेलं. मी संध्याकाळी ड्युटी संपवून पोचले. मुलगा पुण्याहून निघाला होता. मुलीचा फोन लागत नव्हता, कळप गोदावरीच्या कडेला कुठंतरी होता. दुसऱ्या दिवशी मावशी गेली. मुलीला निरोप पोचून ती येईपर्यंत माती झाली होती.

मुलगी आली ती सरळ मावशीच्या घराच्या ओट्यावर बसली. ती रडत नव्हती. भावाला म्हणाली, "मला खोल्या नको व्हत्या. मी सांगितलं व्हतं तिला."

भावानं आतून पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढं ठेवला.

दिवस झाल्यावर आम्ही तिघं, मुलगा, मुलगी आणि मी, कार्यालयात गेलो. सही करणारी एक बाई वारली हे सांगायला. मावशीच्या मृत्यूचा दाखला बाबूपुढं ठेवला. त्यानं वाचला, "अरेरे" म्हणाला, मान हलवली. मग म्हणाला,

"आता फाइल पहिल्यापासून करावी लागेल."

"का?" मी विचारलं. "वारस तेच आहेत ना? आधी तीन होते, आता दोन राहिले. तिच्या पाठीमागंही हेच दोघं."

"वारस तेच, पण मयत दोन झाले ना, ताई. नवीन अर्ज, नवीन प्रतिज्ञापत्र, नवीन नोटीस. नियम आहे."

त्याच्या आवाजात काही नव्हतं. कुणाच्या मरणानं त्याचं काम वाढलं, एवढंच. मी उभीच होते. मी ओरडले नाही. एसटीत रोज भांडणं बघते. ओरडणाऱ्याला बाजूला करणं सोपं असतं हे मला ठाऊक आहे. मी म्हणाले,

"लेखी द्या."

"काय?"

"हे सगळं लेखी द्या. पहिला अर्ज कधी आला. 'जी' आणि 'राव' यात किती महिने गेले. फाइल कपाटात किती दिवस होती. हरकतदार स्वतः येऊन हरकत काढतो म्हणाला, ती तुम्ही का घेतली नाही. आणि आता पुन्हा पहिल्यापासून का करायचं, कोणत्या नियमानं. सगळं लिहा, सही करा, शिक्का मारा. तोवर आम्ही इथंच बसतो."

"असं लेखी देत नसतात, ताई."

"मंग तसं लेखी द्या, की लेखी देत न्हाई म्हनून."

हे मुलगी बोलली. ती त्या कार्यालयात तोवर कधी बोलली नव्हती. बोलून ती खाली फरशीवर बसली. मीही बसले. मुलगा आधी संकोचला, मग तोही बसला. आजूबाजूचे लोक बघायला लागले. एक जण म्हणाला, "बराबर हाय यांचं." दुसऱ्यानं आपलंही तसंच अडकलेलं काहीतरी सांगायला सुरुवात केली. बाबू आत गेला.

साहेब बदललेले होते, नवे, तरुण. त्यांनी आम्हाला आत बोलावलं. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. मुलीला त्यांनी विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?" ती म्हणाली, "माजी आई तुमच्या तारखेसाठी बसून मेली. एवढंच म्हननं हाय."

साहेबांनी बाबूला विचारलं, "हरकत मागं घ्यायला माणूस आला होता?"

"आला होता, सर. पण सुनावणी नव्हती."

"मग ठेवायची होती. त्याच दिवशी."

"आधीचे साहेब निवडणुकीत होते."

मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल, निदान 'चुकलं' म्हणेल. तो म्हणाला, "नोटीस पुन्हा काढावीच लागेल, त्याला इलाज नाही. बाकी मी बघतो." चूक कुणाची, हे त्या खोलीत कुणी उच्चारलं नाही. पण चुलतभावाला बोलावून त्याचं निवेदन त्यांनी आठवड्यातच घेतलं. जुनी प्रतिज्ञापत्रं चालतील असं सांगितलं. म्हणजे 'पहिल्यापासून' हा नियम नव्हताच, बाबूची सवय होती. नोटिशीची मुदत संपली आणि नोंद लागली.

खरेदीखताच्या दिवशी मुलीचा अंगठा यंत्रावर उमटेना. मेंढरांच्या लोकरीनं, दोरानं, राखेनं भांडी घासून रेषाच झिजल्या होत्या. तिथला ऑपरेटर म्हणाला, हात धुऊन या. ती धुऊन आली. तरी नाही. तिनं अंगठा साडीला पुसला, पुन्हा ठेवला. मला वाटलं, आता इथंही तारीख. पण ओळख पटवायला दोन साक्षीदार घेतले आणि काम पुढं सरकलं. सह्या, फोटो, शिक्के. नवऱ्यानं बाहेर चहा सांगितला होता, तो यायच्या आत सगळं झालं होतं. मी त्या खुर्चीत बसून राहिले. इतकंच होतं हे. एका चहाएवढं काम होतं.

मुलीनं आपल्या वाट्यातून तलवाड्याला खोल्या बांधल्या नाहीत. मेंढरं घेतली. मी फोनवर विचारलं तर म्हणाली, "खोलीत एकलीनं बसून काय करू, आत्या? आई असती तर गोष्ट येगळी."

आम्ही त्या घरात राहायला गेलो. मुली खूश आहेत. धाकटीनं मागच्या खोलीच्या भिंतीला तिला हवा तो रंग लावून घेतला. नवरा म्हणतो, झालं ना एकदाचं, आता मनातून काढून टाक. त्याचं बरोबर असेल. घर झाडताना, पाणी भरताना मीही पुष्कळदा विसरते.

मागच्या महिन्यात तो बाबू माझ्या गाडीत बसला. बीडला जायचं तिकीट. मला ओळखलं, हसला, आणि मोठ्यानं, शेजारच्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय ताई, झालं ना शेवटी तुमचं काम?"

जणू ते काम त्यानंच केलं होतं.

मी तिकीट काढून त्याच्या हातात दिलं. म्हणाले, "माझं झालं. मावशी वाट बघून मेली. तुम्ही तिला फोन करतो म्हणाला होता, तो कधी केला नाही."

शेजारी बसलेल्या माणसानं त्याच्याकडं पाहिलं. बाबू म्हणाला, "नियमापुढं आपण तरी काय करणार?"

"किल्ली तुमच्या खिशात होती," मी म्हणाले. "ती कोणत्या नियमानं?"

तो मोबाइल काढून त्यात बघायला लागला. पुढच्या थांब्यावर माणसं चढली, मी घंटी वाजवली आणि मागच्या दारापासून तिकिटं काढत पुढं आले.